नांगर बनवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी निवडुंगाच्या माळावर अख्खं गाव कसं वसवलं?

पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या रेल्वेत खिडकीपाशी बसला असाल, तर सांगली जिल्ह्यात एक स्टेशन लागतं. नाव किर्लोस्करवाडी. आपल्याकडे स्टेशनला गावाचं नाव असतं, देवाचं असतं, फार तर एखाद्या महापुरुषाचं असतं. इथे मात्र थेट एका कारखानदाराचं आडनाव पाटीवर आहे. त्याआधी हे स्टेशन कुंडल रोड म्हणून ओळखलं जायचं. गाडी थांबायची, कुणी उतरलं तर उतरलं, पुढे जायची. आजूबाजूला काहीच नव्हतं.

मग तिथे एक माणूस पंचवीसेक कामगार आणि त्यांची बायकापोरं घेऊन उतरला.

लक्ष्मणराव किर्लोस्कर म्हटलं की आपल्याला लोखंडी नांगर आठवतो, पंप आठवतो, शेतातल्या इंजिनावरचं ते नाव आठवतं. उद्योजक म्हणून त्यांची गोष्ट शाळेच्या भाषणांपासून मोटिव्हेशनल रील्सपर्यंत सगळीकडे आहे. पण या माणसाने आणखी एक काम केलं, ज्याची चर्चा फार होत नाही. वेगवेगळ्या जातींची, गावांची, ओळखपाळख नसलेली कुटुंबं एका जागी आणून त्यांची वस्ती बसवली. नुसती घरं दिली नाहीत, शेजार दिला. आज प्रत्येक बिल्डरच्या जाहिरातीत कम्युनिटी लिव्हिंग असा शब्द असतो. क्लबहाऊस असतं, जिम असते, आणि राहायला गेल्यावर समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं हे दोन वर्षं कळत नाही. म्हणून ही शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची गोष्ट पुन्हा सांगायची.

रंग दिसेनात म्हणून यंत्रांकडे

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा. गाव बेळगाव जिल्ह्यातलं गुर्लहोसूर. मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे, याच घराण्यातले. म्हणजे एकाच गावातून एकाने मराठी रंगभूमी उभी केली आणि दुसऱ्याने मराठी कारखानदारी. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे जाणकार. मुलाचं मन मात्र अभ्यासात लागेना. हाताला चित्रं काढायची सवय आणि डोळ्यांना यंत्रं बघायची.

म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे दोनेक वर्षांनी लक्षात आलं, की आपल्याला काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. रंगांधळा चित्रकार! दुसरा कुणी असता तर गाव गाठलं असतं. लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि यांत्रिक ड्रॉइंग धरलं, कारण त्यात रेषा लागतात, रंग लागत नाहीत. त्या रेषांच्या जोरावर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिक्षकाची नोकरी मिळाली. यंत्रं उघडून बघायची, पुन्हा जोडायची, हे शिक्षण त्यांचं तिथेच झालं.

पुढे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला ती जागा दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगावला थोरल्या भावाकडे आले.

हे थोरले भाऊ म्हणजे रामचंद्रराव, सगळे त्यांना रामूअण्णा म्हणत. रामूअण्णांचं नाव लक्षात ठेवा. वाडीच्या गोष्टीत लक्ष्मणरावांइतकाच त्यांचा वाटा आहे, आणि नेहमीप्रमाणे धाकट्या भावाच्या प्रसिद्धीत ते थोडे झाकले गेले. दोघा भावांचं बेळगावात सायकलींचं दुकान होतं. ज्या रस्त्यावर त्यांचा हा उद्योग होता त्याला आजही किर्लोस्कर रोड म्हणतात.

सायकलवरून गाडी शेतीच्या अवजारांवर आली. आधी कडबाकुट्टी, मग लोखंडी नांगर. आता काळ्या रानातल्या माणसाला नांगराचं महत्त्व सांगायची गरज नाही. परभणीजवळच्या झरीसारख्या गावात कुणालाही विचारा, हरळी आणि कुंदा रानात शिरला की काय होतं ते. मुळ्या इतक्या खोल जातात की लाकडी नांगर वरवर खरवडतो आणि गवत पुन्हा हसत वर येतं. लोखंडी नांगर माती खोलवर उलथून टाकतो. तरीही शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते. लोखंडाने जमिनीला विष बाधेल अशी भीती होती. पहिला नांगर विकायला लक्ष्मणरावांना दोन वर्षं लागली. दोन वर्षं! आपल्या स्टार्टअपवाल्या मित्रांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

घर गेलं म्हणून गाव मिळालं

धंदा जरा कुठे उभा राहत होता तोच दुसरं संकट आलं. १९१० च्या सुरुवातीला बेळगावच्या नगरपालिकेला नवी उपनगरी वसाहत करायची होती आणि त्यासाठी किर्लोस्करांच्या कारखान्याची जागा हवी होती. जागा खाली करा, असा हुकूम आला. शहराला घरं बांधायची होती म्हणून ज्याचा कारखाना उठवला, त्यानेच पुढे महाराष्ट्रातली सगळ्यात नावाजलेली कामगार वसाहत बांधली. योगायोग, पण भारी योगायोग.

तेव्हा मदतीला आले औंधचे राजे, भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. औंध हे छोटं संस्थान. राजे नुकतेच, १९०९ मध्ये, गादीवर आले होते. स्वतः चित्रकार, सूर्यनमस्काराचे कट्टर पुरस्कर्ते आणि नव्या कल्पनांना हो म्हणणारे. लक्ष्मणरावांना ते ओळखत होते, कारण औंधला यमाई देवीच्या मंदिराजवळ सभामंडप उभारण्याचं काम लक्ष्मणरावांकडे होतं. राजांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली आणि कर्जही दिलं.

जागा कुठली? कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर जमीन. ऐकायला झकास वाटतं. प्रत्यक्षात तो ओसाड माळ होता. निवडुंग माजलेला आणि नागांचा सुळसुळाट. पाण्याची बोंब. एकच गोष्ट बाजूची होती, ती म्हणजे रेल्वे. नांगर जड असतो, बैलगाडीने किती लांब नेणार?

मार्च १९१० मध्ये मंडळी तिथे पोचली. लक्ष्मणराव, रामूअण्णा, घरातली माणसं आणि पंचवीस कामगार त्यांच्या कुटुंबांसह.

कामगार आधी, भिंती नंतर

इथे थोडं थांबू, कारण या वाडीचं मर्म इथे आहे.

आजची हाउसिंग सोसायटी कशी बनते? आधी इमारत उभी राहते. मग एकेक फ्लॅट विकला जातो. मग राहायला येणारे लोक एकमेकांना पहिल्यांदा भेटतात ते मेंटेनन्सच्या भांडणात. किर्लोस्करवाडीत क्रम उलटा होता. माणसं आधी आली. निवडुंग त्यांनी तोडला, जमीन त्यांनी साफ केली, शेड आणि राहायच्या जागा त्यांच्या हातांनी उभ्या राहिल्या. ज्याने घराचा पाया खणला तोच त्या घरात राहणार आणि शेजारच्याच्या पायालाही त्याचाच हात लागलेला. आजचे आर्किटेक्ट सहभागातून रचना वगैरे मोठे शब्द वापरतात. त्या माळावर ते नाइलाजाने झालं, पण झालं.

आणि ही नुसती परिस्थितीची मेहरबानीही नव्हती. कारखान्याभोवती कामगारांचं नीटनेटकं गाव असावं ही कल्पना लक्ष्मणरावांच्या डोक्यात आधीपासून होती. परदेशातल्या औद्योगिक गावांबद्दल त्यांनी वाचलं होतं. त्या काळात जगभर हा प्रयोग चालू होता. इंग्लंडमध्ये साबणवाल्या लिव्हरने १८८८ पासून पोर्ट सनलाइट बांधायला घेतलं होतं. चॉकलेटवाल्या कॅडबरीने बर्मिंगहॅमजवळ बोर्नव्हिल वसवलं होतं. आपल्याकडे टाटांचं जमशेदपूर नुकतंच आकार घेत होतं. जमशेदपूरनंतरची देशातली दुसरी औद्योगिक वसाहत म्हणून किर्लोस्करवाडीचं नाव घेतलं जातं. फरक एवढाच, की टाटांपाशी पैसा होता आणि इथे कर्जाचा हप्ता.

गाव म्हणजे माणसांच्या कामांची वाटणी, हे लक्ष्मणरावांनी पहिल्यापासून ओळखलं. गावाची आखणी आणि कारभार रामूअण्णांकडे. शंभोअण्णा जांभेकरांकडे व्यवस्थापन. मंगेशराव रेगे हिशेब आणि कचेरी सांभाळत. के. के. कुलकर्णी म्हणजे पडेल ते काम करणारा माणूस. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेला पोरगा, पण यंत्रांत असा रमला की पुढे उत्तम इंजिनियर म्हणून नाव काढलं. डिग्री बघून माणूस निवडायचा असता तर यातले किती जण उरले असते कोण जाणे.

रामूअण्णांचं काम मला सगळ्यात रंजक वाटतं. कारखान्याचा मालक नांगराच्या फाळाचा विचार करतोय आणि त्याच्या घरचाच एक माणूस पूर्ण वेळ फक्त वस्तीचा विचार करतोय. रस्ता कुठून जाईल, पाणी कसं येईल, कुणाच्या घरी काय अडचण आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर कंपनीच्या संस्थापकांपैकी एकाने स्वतःकडे सोसायटीचं सेक्रेटरीपद घेतलं. आपल्याकडे ते पद कुणाच्या गळ्यात मारायचं यावर वार्षिक सभा संपते.

चाळ काय करते, फ्लॅट काय करत नाही

याच काळात मुंबईत काय चाललं होतं ते बघा, म्हणजे तुलना कळेल.

गिरणगावात चाळी उभ्या राहत होत्या. १९२० च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला चाळी बांधल्या, त्याच आपल्या बीडीडी चाळी. एक खोली साधारण १६० चौरस फुटांची. संडास मजल्यावर सामाईक. राहायला या जागा गैरसोयीच्याच होत्या, उगाच त्यांचं गोडवं गाण्यात अर्थ नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या बीआयटी चाळीत १९१२ ते १९३४ अशी बावीस वर्षं राहिले. एवढ्या मोठ्या विद्वानाला इतकी वर्षं तशा जागेत काढावी लागली, हे त्या चाळींच्या सोयींबद्दल पुरेसं बोलतं.

पण त्याच चाळींच्या रचनेत एक गोष्ट होती. लांब सामाईक गॅलरी. स्वतःच्या खोलीत जायचं तर आठ-दहा दारांवरून जावंच लागतं. नळावर थांबावंच लागतं. मधल्या चौकात पोरं खेळणारच. रोज ठरवून न भेटता माणसं भेटत राहतात. गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो, तो काही उगाच नाही. मांडव घालायला चौक लागतो आणि वर्गणी द्यायला ओळख लागते.

१९१५ मध्ये मुंबईच्या गावदेवीत आणखी एक वेगळा प्रयोग झाला. श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली. घरमालक नाही, सरकार नाही, राहणारेच मालक. आज आपण ज्या को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीत राहतो तिचं मूळ तिथे आहे. मात्र ती एका समाजाची संस्था होती.

किर्लोस्करवाडी या दोन्हींपेक्षा वेगळी होती. सामाईक नळाची सक्ती नाही आणि एका ज्ञातीची चौकटही नाही. इथे सगळ्यांना बांधणारी गोष्ट काम ही होती. कारखान्यात सकाळी एकत्र गेलेली माणसं संध्याकाळी चालत घरी येतात, तीही एकाच वस्तीत. कामाची जागा आणि घर यात चालण्याइतकं अंतर, ही साधी बाब आहे, पण तिच्यामुळे माणसाकडे संध्याकाळ उरते. ज्याच्याकडे संध्याकाळ नाही तो शेजाऱ्याशी बोलणार कधी? रोज अडीच तास लोकलमध्ये काढणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

झरीकडची मंडळी आता परभणीत फ्लॅट घेतात. मुलांच्या शिकवण्या, दवाखाना, नोकरी, कारणं खरी आहेत. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांची पहिली तक्रार लिफ्टची नसते. ओटा नाही, ही असते. ओट्यावर बसलं की येणारा-जाणारा दोन शब्द बोलतो. चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीतून कुणाशी बोलणार? वाडा काय, चाळ काय किंवा कामगार वसाहत काय, यातली जी चालली तिच्यात घर आणि रस्ता यांच्या मधली ही अर्धी-घरची, अर्धी-बाहेरची जागा होती. नव्या मुंबईत बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात हीच गोष्ट मुद्दाम आखून दाखवली. सात-सात घरं एका छोट्या अंगणाभोवती, आणि असे तीन गट मिळून एकवीस घरांचं जरा मोठं मोकळं अंगण. अंगण सात घरांचं असलं की ते कुणाचं तरी असतं. सातशे फ्लॅटचं असलं की कुणाचंच नसतं.

कैदी रात्रीचा पहारेकरी

वाडीतली सगळ्यात धाडसी गोष्ट घरांच्या आखणीत नव्हती, माणसांच्या निवडीत होती.

किर्लोस्करवाडीत लक्ष्मणरावांनी अस्पृश्यता पाळायची नाही असं ठरवलं आणि तसं चालवलं. काळ लक्षात घ्या. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा आहे, म्हणजे सार्वजनिक पाण्याला हात लावण्यासाठी हजारो माणसांना मोर्चा काढावा लागत होता. त्या जमान्यात मालकाने आपल्या वस्तीत हा नियम मोडणं साधं नव्हतं. वेदान्ती ब्राह्मण घरातला माणूस आणि आजूबाजूला जुनी, घट्ट विणीची गावं. तरी केलं.

दुसरं पाऊल त्याहून चकित करणारं. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी कामावर घेतलं. नुसतं घेतलं नाही, त्यातल्या काहींना रात्रीचे पहारेकरी नेमलं. ज्यांच्यावर चोरी-दरोड्याचा शिक्का आहे त्यांच्या हाती वस्तीच्या किल्ल्या! व्यवहारी माणूस म्हणेल, वेडेपणा आहे. पण विचार करा, गावाबाहेर ठेवलेल्या माणसाला गावाच्या रखवालीचं काम दिलं की तो गावाचा होतो. याच औंध संस्थानात १९३९ मध्ये कैद्यांसाठी स्वतंत्रपूरची खुली वसाहत सुरू झाली. व्ही. शांताराम यांचा दो आँखें बारह हाथ हा सिनेमा आठवतो? त्याची प्रेरणा त्या वसाहतीतली. या मुलखात माणसावर विश्वास टाकण्याचे प्रयोग एकमेकांच्या शेजारीच चालले होते.

आज सोसायटीच्या गेटवर कामवालीची पिशवी तपासतात. डिलिव्हरीवाल्याला वेगळी लिफ्ट असते. सुरक्षित वस्ती म्हणजे जास्त कॅमेरे असं आपलं गणित आहे. लक्ष्मणरावांचं गणित वेगळं होतं, आणि तेही व्यवहारी माणसाचंच होतं, साधुसंताचं नव्हे.

माळावरून निघालेली मासिकं

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि कारखान्याची कोंडी झाली. लोखंड येईना, कोळसा मिळेना. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा नांगरांसाठी दिल्या, ही गोष्ट कोल्हापूर-सांगलीकडे आजही कौतुकाने सांगितली जाते. युद्धातून कारखाना तरला. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रं, पंप, एकेक वाढत गेलं.

त्याच वर्षी वाडीतून एक नियतकालिक सुरू झालं, किर्लोस्कर खबर. संपादक होते लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, सोलापूरच्या डॉ. वासुदेवरावांचे चिरंजीव. आधी कारखान्याची माहिती देणारं हे पत्रक होतं. पुढे त्याचं किर्लोस्कर मासिक झालं. १९३० मध्ये स्त्री आलं, १९३४ मध्ये मनोहर. मराठी मध्यमवर्गाने जी मासिकं दोन-तीन पिढ्या वाचली, ज्यातून स्त्रियांच्या शिक्षणावर, लग्नावर, अंधश्रद्धेवर वाद झडले, ती मुंबईच्या फोर्टातून नाही तर एका आडवळणाच्या स्टेशनाजवळच्या वस्तीतून निघत होती.

मला ही बाब वसाहतीच्या आखणीइतकीच महत्त्वाची वाटते. वस्तीला स्वतःबद्दल बोलायला जागा लागते. कुणी नवीन आलं, कुणी काय बनवलं, कुणाचं कुठे चुकलं. आपल्याकडे आज ते काम सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करतो, म्हणजे पार्किंगवरून भांडण आणि त्यावर सुप्रभातचं फूल.

खोटं कौतुक नको

इथवर वाचून वाडी म्हणजे स्वर्ग होता असं वाटत असेल, तर थोडं थांबा. मालकाने वसवलेल्या गावात एक अडचण मुळातच असते. घर नोकरीशी बांधलेलं असतं. नोकरी गेली, की छप्परही जातं. मालक चांगला असेल तर गाव चांगलं, मालक बिघडला की गाव बिघडलं.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं. रेल्वेचे डबे बनवणाऱ्या जॉर्ज पुलमनने १८८० च्या सुमारास शिकागोजवळ स्वतःच्या नावाचं देखणं गाव बांधलं. पक्की घरं, बाग, ग्रंथालय. मंदी आल्यावर त्याने मजुरी कापली, पण घरभाडं एका पैशाने कमी केलं नाही. १८९४ मध्ये तिथे संप पेटला आणि तो देशभर पसरला. शेवटी कोर्टाने कंपनीला गावातली मालकी सोडायला लावली. बोर्नव्हिलच्या कॅडबरीने यातून आधीच वाट काढली होती. १९०० मध्ये त्याने गाव एका स्वतंत्र ट्रस्टच्या ताब्यात दिलं, आणि ते फक्त आपल्या कामगारांपुरतं ठेवलं नाही.

लक्ष्मणरावांनी पुलमनसारखा व्यवहार केला नाही. पण वाडीचा डोलारा मालकाच्या भलेपणावर उभा होता हेही खरंच आहे. तालमकींची सहकारी सोसायटी दिसायला साधी, पण तिथे राहणाऱ्याला कुणाच्या भलेपणाची गरज नव्हती. या दोन वाटांपैकी महाराष्ट्राने पुढे सहकाराची वाट धरली. माझ्या मते ते बरं झालं. मात्र कायदा तालमकींचा घेताना रामूअण्णांची काळजी मागे राहिली.

दुसरी मर्यादा कुंपणाची. आतल्या माणसांना एक केलं, पण कुंपणाबाहेरच्या गावांचं काय? भोवतीचा मुलूख शांत नव्हता. शेजारचं कुंडल म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचं ठाणं. दारिद्र्य, सावकारी, जातींचे जुने हिशेब सगळं तिथे होतं.

३० जानेवारी १९४८ ला महात्मा गांधींची हत्या झाली. मारेकरी पुण्याचा, ब्राह्मण. सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरं आणि उद्योग जाळले गेले. त्या दिवसांत जमाव किर्लोस्करवाडीवरही चालून आला. कारखान्याला आग लावली गेली आणि प्रचंड नुकसान झालं. जातपात न मानता वसवलेल्या गावावर मालकाच्या जातीमुळे हल्ला झाला. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते.

या घटनेचा अर्थ लावायला सोपं उत्तर नाही. प्रयोग फसला म्हणावं, तर त्यानंतरही कारखाना पुन्हा उभा राहिला आणि वाडी नांदती राहिली. प्रयोग पुरेसा होता म्हणावं, तर ती आग समोर आहे. आतली माणसं एकमेकांना ओळखत होती. भोवतालच्या मुलखातून आलेल्या जमावाला मात्र त्या वस्तीत फक्त एक आडनाव दिसलं.

नंतर

तोवर किर्लोस्करांचा पसारा वाडीबाहेर पसरला होता. थोरला मुलगा शंतनुराव अमेरिकेच्या एमआयटीतून १९२६ मध्ये शिकून आला होता. १९४१ मध्ये हरिहरला कारखाना निघाला, १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनाचा आणि बंगळुरूला विजेच्या मोटारींचा. शहरातले हे कारखाने मोठे झाले. माळरानावर आधी माणसं नेऊन गाव वसवायचं आणि मग यंत्रं फिरवायची, तशी वेळ त्यांच्यावर आली नाही.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ ला गेले. जन्मशताब्दीच्या दिवशी, २० जून १९६९ ला, टपाल खात्याने त्यांच्या नावाचं तिकीट काढलं. वाडी आज पलूस तालुक्यात येते. पंपांचा कारखाना चालू आहे, वसाहत आहे, झाडं मोठी झाली आहेत, आणि मिरजेकडे जाणाऱ्या गाड्या अजून तिथे थांबतात.